‘एएसपी’ : कादंबरीने नावारूपाला आणलेले एक दुर्मीळ पिस्तूल

लहान पिस्तुलांच्या इतिहासाविषयी लिहिताना मी ‘एएसपी’ (आर्मामेंट सिस्टिम्स अँड प्रोसीजर्स) या अमेरिकी पिस्तुलाचा ओझरता उल्लेख केला होता. जेम्स बाँडचे नाव आल्यामुळे त्यावर बरीच पत्रे आली. त्यांतील काही प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : जेम्स बाँडचे पिस्तूल म्हणजे वॉल्थर पीपीके, असेच आजवर ऐकत आलो. मग ‘एएसपी’ बाँडचे कसे? (एक वाचक, नाशिक)

बाँड एकाच लेखकाच्या हातचा राहिला नाही, हे त्याचे कारण. इयान फ्लेमिंग यांनी १९५३ च्या पहिल्या कादंबरीत त्याला पॉइंट २५ बोअरचे (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचे माप) बेरेटा पिस्तूल दिले होते. १९५६ मध्ये ग्लासगोच्या जेफ्री बूथरॉइड या शस्त्रतज्ज्ञाने फ्लेमिंग यांना पत्र लिहून, असल्या धंद्यातील माणसाला हे हत्यार फारच कमजोर आहे असे साफ कळवले. फ्लेमिंग यांनी ते मनावर घेतले. त्यानंतरच्या एका कादंबरीत बेरेटाचा सायलेन्सर ऐन वेळी कपड्यात अडकतो, आणि १९५८ च्या कादंबरीत बाँडच्या हाती वॉल्थर पीपीके येते. ते पिस्तूल सुचवणाऱ्या पात्राला फ्लेमिंग यांनी बूथरॉइड हेच आडनाव दिले.

१९८१ पासून बाँडच्या नव्या कादंबऱ्या जॉन गार्डनर लिहू लागले. पहिल्या काही कादंबऱ्यांत त्यांनी बाँडची पिस्तुले बदलून पाहिली आणि १९८४ च्या ‘रोल ऑफ ऑनर’मध्ये त्याला ‘एएसपी’ दिले. पुढे हेच पिस्तूल त्यांच्या बाँडचे नेहमीचे हत्यार झाले. चित्रपटांतील बाँडच्या हाती मात्र ते कधीच आले नाही, त्यामुळे ज्यांनी बाँड केवळ पडद्यावर पाहिला त्यांना हे नाव अपरिचित असणे स्वाभाविक आहे.

प्रश्न : हे पिस्तूल कोणत्या कारखान्यात तयार होत असे? (एक वाचक, सांगली)

मूळ पिस्तूल स्मिथ अँड वेसन या कंपनीचे ‘मॉडेल ३९’. १९५० च्या दशकाच्या मध्यास बाजारात आलेले हे ९ मिमीचे पिस्तूल त्या काळी अमेरिकेत नवलाईचे होते, कारण चाप ओढला की हॅमर (ठोका देणारा घोडा) आपोआप मागे जाऊन पहिली गोळी सुटण्याची सोय त्यात होती. इलिनॉय राज्याच्या पोलिसांनी १९६७ मध्ये ते अधिकृतपणे स्वीकारले. न्यूयॉर्कमधील पॅरिस थिओडोर नावाचे गृहस्थ ‘सेव्हनट्रीज’ नावाने होल्स्टर, म्हणजे पिस्तूल अंगावर बाळगण्याची म्याने, तयार करत. कपड्यांखाली शस्त्र दिसणार नाही असे होल्स्टर ही त्यांची खासियत होती. होल्स्टर कितीही चांगले शिवले तरी आतले पिस्तूलच बोजड असेल तर ते लपत नाही, ही अडचण त्यांच्याइतकी जवळून दुसऱ्या कोणी पाहिली असेल असे मला वाटत नाही, आणि म्हणूनच १९७० च्या सुमारास त्यांनी ‘मॉडेल ३९’ घेऊन ते नव्याने घडवायला सुरुवात केली; तेच ‘एएसपी’. पुढे विस्कॉन्सिन राज्यातील ॲपलटन येथील ज्या कंपनीने हे काम चालवले, ती आज पोलिसांच्या घडीच्या दंडुक्यांसाठी ओळखली जाते.

प्रश्न : नळी आखूड केली एवढाच बदल असेल, तर त्याचे इतके कौतुक कशासाठी? (एक वाचक, पुणे)

नळी आणि मूठ आखूड करणे हा या कामाचा सर्वांत सोपा भाग होता. तुमचा प्रश्न नेमका आहे, म्हणून उत्तर थोडे सविस्तर देतो.

त्या काळी खिशात मावणारी बहुतेक पिस्तुले ७.६५ मिमी किंवा ९ मिमी शॉर्ट अशा सौम्य काडतुसांची असत. अशा पिस्तुलात मागे सरकणाऱ्या वरच्या भागाचे, म्हणजे स्लाइडचे, वजन आणि स्प्रिंग एवढ्यावर भागते, नळीला कुलूप लागत नाही, आणि म्हणून ते लहान राहते. पीपीके याच जातीचे आहे. ‘एएसपी’च्या ९ मिमी पॅराबेलम काडतुसाची ऊर्जा ७.६५ च्या अडीच ते तीन पट असते. ती झेलायची तर गोळी नळीबाहेर पडेपर्यंत नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकून राहिली पाहिजेत, आणि ती यंत्रणा जागा मागते. पूर्ण ताकदीचे काडतूस व लपवता येण्याजोगा आकार हे दोन्ही एकत्र साधणाऱ्या पहिल्या यशस्वी पिस्तुलांत ‘एएसपी’ची गणना होते, आणि माझ्या मते त्याचे खरे श्रेय हेच आहे.

थिओडोर यांच्या कामातील बारकावे हातात घेऊन पाहिल्याशिवाय लक्षात येत नाहीत. प्रत्येक कड आणि प्रत्येक कोपरा गोल केलेला आहे. हॅमरचे बाहेर डोकावणारे बोंड काढून टाकले आहे. चापाभोवतालची कडी पुढच्या बाजूने आत वळवली आहे, म्हणजे दोन्ही हातांनी पकडताना दुसऱ्या हाताचे बोट तेथे टेकते. सगळ्यावर टेफ्लॉनचा काळा थर आहे. कोट, सदरा किंवा अस्तर यांपैकी कशातही ते अडकू नये, हा सगळ्या बदलांमागचा हेतू. फ्लेमिंग यांच्या बाँडला बेरेटा सोडावे लागले ते ज्या अडकण्यामुळे, त्याच दोषाचा इतका निकराने पाठलाग केलेले पिस्तूल गार्डनर यांनी त्याला द्यावे, ही निवड मला फार समर्पक वाटते.

प्रश्न : त्यावर माशीच नाही असे वाचले. मग नेम कसा धरायचा? (एक वाचक, बेळगाव)

साध्या पिस्तुलाच्या टोकाला एक माशी, म्हणजे छोटा उंचवटा, आणि मागे एक खाच असते, आणि माशी खाचेच्या बरोबर मध्ये आली की नेम लागतो. ‘एएसपी’वर या दोहोंच्या जागी स्लाइडवर एकच लांबट पन्हळ आहे, तिला ‘गटरस्नाइप’ म्हणतात. पन्हळीच्या तळाला व दोन्ही भिंतींना पिवळा रंग असून ती पुढे निमुळती होत जाते. पिस्तूल सरळ धरले तर तिन्ही पिवळ्या पट्ट्या सारख्या दिसतात, आणि डावीउजवीकडे किंवा वरखाली झुकले तर एखादी पट्टी रुंद दिसून चूक लगेच कळते. काही पावलांच्या अंतरावर हे जलद जमते. दूरच्या लक्ष्यासाठी आणि नेमबाजीच्या स्पर्धेसाठी ही पद्धत अपुरी आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु ती त्यासाठी केलेलीच नव्हती.

प्रश्न : मुठीतून आतल्या गोळ्या दिसतात, ही लेखकाची कल्पना की खरी गोष्ट? (एक वाचक, दादर)

खरी गोष्ट आहे. मुठीच्या दोन्ही बाजूंना लेक्सान या पारदर्शक प्लॅस्टिकच्या पट्ट्या आहेत आणि मॅगझीनच्या (मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या पेटीच्या) पत्र्याला उभी फट ठेवलेली आहे, त्यामुळे पिस्तूल न उघडता किती काडतुसे उरली हे एका नजरेत समजते. मूळ मॅगझीनमध्ये ८ काडतुसे मावत, येथे ७ मावतात. प्रत्येक गोळी मोलाची असताना मोजदाद मनात ठेवण्यापेक्षा डोळ्यांना दिसणे केव्हाही चांगले.

प्रश्न : इतके चांगले होते तर दुर्मीळ का राहिले? (एक वाचक, बडोदे)

प्रत्येक नग कारागिराच्या हातून घडत असल्यामुळे संख्या मुळात थोडी आणि किंमत मूळ पिस्तुलापेक्षा कितीतरी जास्त होती. त्यातच १९८० च्या दशकात स्मिथ अँड वेसनने स्वतःच ९ मिमीची आखूड पिस्तुले कारखान्यातून काढली. ती इतकी सफाईदार नव्हती, पण दुकानात सहज मिळत होती. मागणी तिकडे वळली. म्हणजे कादंबरीमुळे हे नाव वाचकांच्या तोंडी झाले, त्याच सुमारास त्याचा बाजार संपत आला होता. आज अमेरिकेतील संग्राहक त्याला मोठी किंमत देतात. तेथे राहणाऱ्या मराठी संग्राहकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी : ‘मॉडेल ३९’ आखूड करून देणारे इतरही कारागीर होते, त्यामुळे केवळ आकारावर भरवसा न ठेवता पन्हळ, पारदर्शक मूठ, फटीचे मॅगझीन आणि वळवलेली कडी ही चारही लक्षणे व सोबतची कागदपत्रे जाणकाराकडून तपासून घ्यावीत.

प्रश्न : माझ्याकडे शस्त्रपरवाना आहे. भारतात हे पिस्तूल ठेवता येईल का? (एक वाचक, कोल्हापूर)

नाही. ९ मिमी पॅराबेलम हे आपल्याकडे प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते आणि जिल्हा पातळीवर मिळणारा साधा परवाना त्याला लागू होत नाही. विनापरवाना प्रतिबंधित शस्त्र बाळगल्यास, शस्त्र कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर, किमान ७ वर्षांच्या तुरुंगवासाची तरतूद आहे, म्हणून कोणी ‘जुने आहे, शोभेचे आहे’ असे सांगून काही देऊ केले तर त्या वाटेला जाऊ नये. पीपीकेचे ७.६५ मिमी काडतूस म्हणजेच आपल्याकडचे पॉइंट ३२. ते साध्या परवान्यावर चालते, आणि त्या बोअरचे पिस्तूल भारतीय आयुध कारखान्यांतही तयार होते. आपल्याला बाँडच्या शस्त्रांची आवड आहे म्हणून सांगतो, कायद्याच्या चौकटीत राहून फ्लेमिंग यांच्या बाँडचे काडतूस वापरता येईल, गार्डनर यांच्या बाँडचे नाही.