करडांना पावडरचं दूध पचतं का?

शेळीला तिळे झाले, दूध दोघांपुरतंच, म्हणून तिसऱ्याला पावडरचं दूध सुरू केलं आणि चौथ्या दिवशी हगवण लागली, असं तुम्ही लिहिलंय. पावडर पचतच नाही का, हा तुमचा प्रश्न.

पचते, पण कुठलीही नाही. शिरूरजवळ माझ्या वीसेक उस्मानाबादी शेळ्या आहेत. पहिल्या वर्षी दुकानदारानं दिलं ते पोतं मीही मुकाट्यानं उचललं. पाच करडं हगवणीला लागली, दोन गेली. मग पोत्यावरचं बारीक अक्षरातलं वाचलं. प्रथिनं 22 टक्के, दिसायला छान. पण बहुतेक सोयाबीनची!

शेळीच्या पोटाचे चार कप्पे असतात. कोवळ्या करडाचं कोटीपोट, म्हणजे चारा पचवणारं पहिलं पोट, अजून कामाला लागलेलं नसतं. चोखताना आतली पन्हळ मिटते आणि दूध थेट चौथ्या पोटात जातं. तिथे दुधातलं केसीन हे प्रथिन साकळतं आणि सावकाश पचतं. सोयाचं प्रथिन साकळत नाही, आणि ते पचवण्याइतके पाचकरस पहिले दोन-तीन आठवडे तयार नसतात. व्हे, म्हणजे चीज करताना निघणारं पाणी, तेही साकळत नाही, पण दुधाचंच असल्यानं पचतं. म्हणून पोत्यावर स्किम मिल्क किंवा व्हे आधी लिहिलंय का ते बघा. आणि ताकद यावी म्हणून कुणी साखर घालायला सांगितलं, तर ऐकू नका (आमच्याकडे एका आजींनी मायेनं घातली होती). करडाच्या आतड्यात ती साखर फोडणारं विकरच नसतं. दुधातली लॅक्टोज मात्र पचते.

बाकी चुका आपल्याच हातच्या. लिटरमागे 125 ते 150 ग्रॅम पावडर, वजन करून. अंदाजानं मूठभर नको. पाजताना दूध 39 अंशांच्या आसपास हवं, जानेवारीत आपल्याकडे पहाटे ते बाटलीतच गार होतं. बाटली आचळाच्या उंचीवर धरा. दिवसाला वजनाच्या 15 टक्क्यांपर्यंत, म्हणजे अडीच किलोच्या करडाला साधारण 375 मिली, तीन-चार वेळा विभागून. भुकेलं म्हणून एकदम जास्त पाजलं तर आंत्रविषाराची, म्हणजे आतड्यातल्या जंतूंचं विष अंगात भिनण्याची, भीती असते.

हगवण असताना दूध पूर्ण तोडू नका. ग्लुकोज असलेलं क्षारांचं पाणी (साध्या साखरेचं नाही) दुधात न मिसळता दोन पाजण्यांच्या मधे द्या. करडू मलूल झालं, चोखेना, तर डॉक्टर लगेच. तीन आठवड्यांनंतर हगवण लागली तर पावडरला दोष देण्याआधी कॉक्सिडिया, म्हणजे आतड्यातले सूक्ष्म परजीवी, आहेत का ते बघा. पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याची रोग अन्वेषण प्रयोगशाळा आहे, तिथे विष्ठेचा नमुना नेता येतो.

चीक पाजला होता ना? ते तुम्ही लिहिलेलं नाही. पहिल्या 24 तासांत वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका तो गेला नसेल, तर हगवणीचं मूळ तिथेही असू शकतं.

आणि खरं सांगू? एकाच करडासाठी मी पोतं आणणारच नाही. गायीचं पूर्ण साईचं दूध कोमट करून पाजा. फक्त बदल तीन-चार दिवसांत, थोडं थोडं मिसळत करा.