पहिल्यांदा वाइन ब्लॉगर्सच्या संमेलनाला जाताना

सगळ्यात आधी, चाखलेली वाइन थुंकायला लाजू नकोस. पहिल्या वर्षी मी संकोचाने प्रत्येक घोट गिळला आणि दुपारनंतरच्या नोंदी वाया गेल्या. अमेरिकेतलं हे संमेलन २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सोनोमात सुरू झालं. २०१९ पासून त्याला वाइन मीडिया कॉन्फरन्स म्हणू लागले. त्यातलं झटपट चाखण्याचं सत्र फार दमवतं. वाइनमेकर येतो, ओततो, बोलतो आणि पाच मिनिटांत पुढच्या टेबलाकडे. तेव्हा द्राक्षाचं वाण, पिकाचं वर्ष आणि नाकाला पहिल्यांदा जाणवलेला वास एवढंच लिही. बाकीचं लेबलाच्या फोटोवरून भरता येतं. अत्तर अजिबात नको, शेजाऱ्याचाही ग्लास बिघडतो! सकाळी पोटभर खा. आणि द्राक्षमळ्याची फेरी असेल तर एखादं भाषण खुशाल सोड.