अंगकाठी सडपातळ आहे. ठाण्यात सोसायटीच्या शिवजयंतीच्या नाटकासाठी स्वस्तातलं चिलखत कसं निवडावं?

भाड्याचं फ्री साइज चिलखत शक्यतो टाळा. सडपातळ अंगावर ते खांद्यावरून घसरतं आणि काखेत फुगतं. 5 मिमी जाडीची ईव्हीए फोम शीट (हलकी, लवचिक, रबरासारखी) आणून स्वतःच्या मापाने कापा. जांभळी नाक्याच्या बाजारात आधी चौकशी करा. दोन्ही कुशींना नाडी ठेवा, म्हणजे हवं तसं आवळता येईल. फोम रंग पितो, म्हणून पातळ केलेल्या फेविकॉलचे दोन-तीन हात द्या, पूर्ण वाळू द्या, मगच चंदेरी रंग लावा.

आत कापूस भरलेली बंडी हवीच! खऱ्या चिलखताखालीही जाड कपडा असायचा, आणि तिने छाती भरदार दिसते. खांद्याच्या पट्ट्या थोड्या रुंद कापा, कमरेला शेला घट्ट बांधा. बाह्यांना जाळीचं चिलखत हवं असेल तर जाड लोकरीचं विणकाम चंदेरी रंगवा. रंगमंचावरून ते कड्यांचंच वाटतं.