सोलापुरातल्या घरात दिसणारा लांब पायांचा कोळी म्हणजेच फॅलँजियम का? तो फार विषारी असतो का?

प्रश्नात तुम्ही माळ्यावरच्या काडीसारख्या पायांच्या कोळ्याबद्दल विचारलंय. दोन्हींचं उत्तर नाही असंच आहे.

आपल्याकडे आढ्याला, जिन्याखाली जळमटं करून उलटा लटकतो तो फोल्सिडी कुळातला खरा कोळी. बहुतेकदा क्रॉसोप्रायझा लायोनी. आमच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये तर मागापेक्षा यांचीच संख्या जास्त. ओळखायचं कसं? हलकी फुंकर मारा. जाळ्यातच गरागरा फिरायला लागतो, इतका की अंग नुसतं धूसर दिसतं. मादीच्या तोंडात अंड्यांचा फिकट पुंजका असतो, तो घेऊनच ती बसलेली असते. विष आहे, पण डासा-माशांपुरतं. केरसुणी मारायची घाई नको.

फॅलँजियम हा कोळीच नव्हे. तो कोळ्यांच्या नात्यातल्या ओपिलिओनीस या वेगळ्या गणातला. या गणात साडेसहा हजारांहून जास्त जाती आहेत. याला जाळं नाही, विष नाही. कोळ्याला कंबर असते, याचं अंग म्हणजे एकच दाणा, वर गाठीवर दोन डोळे. दुसऱ्या जोडीचे पाय सर्वांत लांब, आंधळ्याच्या काठीसारखे पुढे चाचपत जातात.

फॅलँजियम या वंशाला नाव दिलं स्वीडनचा निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने, 1758 साली. त्याने त्यात लांब पायांचे भलतेच प्राणीही कोंबले होते, ते पुढे एकेक करून बाहेर काढावे लागले. सर्वांत माहितीची जात फॅलँजियम ओपिलिओ, मूळ युरोप-आशियाची, नंतर अमेरिकेतही पसरलेली. नराच्या नांग्यांवर शिंगासारखं टोक असतं. शेतात मावा खाते म्हणून तिकडच्या शेतकऱ्यांच्या कामाची. ओपिलिओ म्हणजे लॅटिनमध्ये मेंढपाळ. फ्रान्सच्या लांद भागातले मेंढपाळ पूर्वी पायांना उंच काठ्या बांधून कळप राखायचे, तसंच हे ध्यान दिसतं. आमच्या धनगरांना त्याची गरज नाही. सोलापूरच्या माळावर नजर जाईल तिथवर मेंढरं दिसतात.

इथल्या कोरड्या हवेत मला ओपिलिओनीस गणातला अजून एकही सापडलेला नाही. यांच्या अंगातलं पाणी लवकर उडतं, ओल लागतेच. पाहायचेच असतील तर पावसाळ्यात सह्याद्रीत जा. तिकडे याच गणातला गॅग्रेला वंश आणि त्याचे भाऊबंद भेटतील. हा वंश निसर्गशास्त्रज्ञ स्टोलिच्काने 1869 मध्ये मांडला. नंतर रोवर या जर्मन अभ्यासकाने पाठीवरचा काटा आणि पायांतल्या गाठी मोजून इतके वंश पाडले की आजचे अभ्यासकही वैतागतात. म्हणून नुसत्या फोटोवरून जात सांगणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवत नाही.

आंबोलीत ओल्या भिंतीवर असेच दहा-बारा एकत्र पाहिले. एकाचा पाय धरला, तर तो पाय माझ्या चिमटीत ठेवूनच तो पसार. पाय नंतरही बराच वेळ वळवळत होता. तो पुन्हा उगवत नाही हे घरी आल्यावर वाचलं आणि जरा वाईटच वाटलं.