जोधपूरचं राव जोधा डेझर्ट रॉक पार्क बघण्यासारखं आहे का? तिथला गाईड घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की फेब्रुवारीत जोधपूरला दीड दिवस आहात, बरोबर सत्तरीचे सासूसासरे आणि नऊ वर्षांची मुलगी आहे. मेहरानगड किल्ला बघून सरळ जैसलमेरच्या वाळूकडे निघावं की किल्ल्याभोवतीच्या कातळावर देशी झाडं वाढवलेल्या या पार्कसाठी एक सकाळ ठेवावी, असा तुमचा प्रश्न आहे. सकाळ ठेवा. आणि गाईड घ्याच. तो घेणार नसाल, तर मात्र लवकर जैसलमेर गाठलेलं बरं.

एवढं ठाम सांगतेय, कारण मी दोन्ही तऱ्हांनी गेलेय. पहिल्यांदा एकटीच फिरले. पाऊण तासात बाहेर आले. दगड, वाळकी झुडपं, वर मेहरानगडाची भिंत. फोटो छान आले, बाकी हाती काही लागलं नाही. दुसऱ्या वेळी बहिणीच्या कुटुंबाबरोबर गेले तेव्हा तिथल्याच एका निसर्ग-गाईडला बरोबर घेतलं. अडीच तास झाले तरी आम्ही ठरवलेल्या वाटेच्या अर्ध्यावरच होतो, आणि परत फिरायला कोणी तयार नव्हतं.

त्याने सुरुवात झाडांपासून केली नाही, खडकापासून केली. मुलांना एका लालसर-तपकिरी कातळावर हात ठेवायला लावला. हा ऱ्हायोलाइट, म्हणजे ज्वालामुखीचाच खडक, सुमारे ७५ कोटी वर्षांपूर्वीचा. आपण सह्याद्रीचा काळा पाषाण बघत वाढलेली माणसं. तो साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. आपल्याकडचा लाव्हा पातळ होता, दूरवर पसरला, थरांवर थर बसले. इथला चिकट, सिलिकाने भरलेला. त्याचे डोंगर वेगळेच घडले, उभ्या खांबांसारख्या भेगा पडलेले. जोधपूर वसवणाऱ्या राव जोधाने १४५९ मध्ये किल्ल्याचा पाया घातला तो याच खडकावर. म्हणून या जागेला डेझर्ट ‘रॉक’ पार्क म्हणतात. थरचं वाळवंट म्हणजे नुसते वाळूचे डोंगर, हा समज इथे पहिल्या दहा मिनिटांत जातो. इथे वाळू जवळजवळ नाहीच. माती आहे ती भेगांत, मूठमूठभर.

आता या जागेची खरी गोष्ट. ती कळली नाही तर इथलं काहीच कळत नाही.

मी सोलापूर जिल्ह्यातली. आमच्याकडे गावाबाहेरची पडीक जमीन, तलावाचा काठ, रस्त्याची कड, जिथे बघावं तिथे वेडी बाभूळ. जोधपुरात तिलाच बावळियो म्हणतात. मूळ अमेरिका खंडातली ही बाभूळ. मारवाड ओसाड आहे, हिरवा व्हावा, म्हणून महाराजा उमेदसिंहांच्या काळात, १९३०च्या दशकात, तिचं बी विमानातून टाकलं गेलं असं सांगतात. महाराज स्वतः विमान चालवायचे. १९४० मध्ये जोधपूर संस्थानाने तिला ‘राजवृक्ष’ ठरवून जपायला सांगितलं. हेतू चांगलाच होता. पण शेळ्या तिचा पाला खात नाहीत, शेंगा तेवढ्या खातात, आणि बी लेंड्यांतून सगळीकडे पोचतं. तिच्याखाली दुसरं काही नीट उगवत नाही. किल्ल्याभोवतीचा सगळा कातळ तिने व्यापला होता.

२००६ मध्ये पर्यावरण-अभ्यासक प्रदीप क्रिशन यांच्या देखरेखीखाली या साधारण ७० हेक्टर जागेतून ती काढून इथली मूळची झाडं परत आणायचं काम सुरू झालं. वरून तोडली की वेडी बाभूळ दुप्पट जोमाने फुटते, हे आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. मूळच काढावं लागतं, आणि ते तर कातळाच्या भेगेत शिरलेलं. हे जमलं खंडवालिया लोकांना. हे पिढ्यान्‌पिढ्या वाळूच्या दगडाच्या खाणींत काम करणारे कारागीर. हातोडीने खडकावर ठोकायचं, आवाज ऐकायचा, आणि दगड आत कुठे पोकळ आहे, कुठे फुटेल ते सांगायचं. मग छिन्नी लावून एकेक खळगा खोदायचा आणि मूळ उपसायचं. गाईडने आम्हाला असा एक खळगा दाखवला. त्यात आता दुसरं झाड उभं होतं. बावळियोने खडकात जिथे शिरायला वाट शोधली होती, तीच वाट देशी रोपाला उपयोगी पडली. माझ्या भाच्याने तिथे वाकून दोन दगड एकमेकांवर आपटले आणि कान लावून ऐकत राहिला. आवाजातला फरक आमच्यापैकी कोणालाच कळला नाही, तेव्हा त्या माणसांच्या कानाची किंमत कळली.

पार्क लोकांसाठी खुलं झालं २०११ मध्ये. आज तिथे देशी वनस्पतींच्या २०० पेक्षा जास्त जाती आहेत. त्या सगळ्या बघायला जाऊ नका. चार-पाच नीट बघा.

थोर बघा, म्हणजे आपल्या निवडुंगासारखा दिसणारा, झुपक्याने वाढणारा, दुधाळ चिकाचा. पानं त्याला पावसापुरतीच. एरवी खोडच हिरवं राहून अन्न तयार करतं. त्या काटेरी झुपक्याच्या मधोमध दुसऱ्याच झाडाचं रोप डोकं वर काढताना दिसेल. शेळीचं तोंड तिथे पोचत नाही, उन्हाचा चटका कमी लागतो. हे एकदा दिसलं की प्रत्येक थोरात डोकावून बघायची सवय लागते.

मुलीला कुमटिया शोधायला सांगा. खूण सोपी आहे: काटे तीन-तीनच्या जुडीत, दोन वर वळलेले आणि मधला खाली आकड्यासारखा. सासूबाईंना सांगा की खायचा चांगला डिंक देतं ते हे झाड. माझी आई खोडाला हात लावून बराच वेळ उभी होती. आयुष्यभर दर थंडीत लाडू केले, पण डिंकाचं झाड तिने पहिल्यांदाच पाहिलं. कुमटियाच्या बिया केर आणि सांगरीबरोबर (सांगरी म्हणजे शमीच्या शेंगा) पंचकुटा नावाच्या मारवाडी भाजीत पडतात, त्यामुळे संध्याकाळच्या जेवणात तो पुन्हा भेटेल. केर म्हणजे आपली नेपती. आमच्या माळावर ती अजून आहे, पण तिच्या फळांचं लोणचं आमच्याकडे कोणी घालत नाही. गुग्गुळाचं झुडूपही गाईडला दाखवायला सांगा. कागदासारखी सुटणारी साल, वर्षातला बराच काळ पानांवाचून. डिंकासाठी खोडावर घाव घालून घालून रानातला गुग्गुळ धोक्यात आलाय. फेब्रुवारीच्या शेवटी जात असाल तर रोहिडा फुललेला मिळण्याची शक्यता आहे. केशरी फुलं, राजस्थानचं राज्यपुष्प.

आता चालण्याचं. पार्कचं माहिती-केंद्र सिंघोरिया पोळ नावाच्या जुन्या वेशीत आहे, ती शहराच्या तटबंदीतलीच. सुरुवात तिथूनच करा. आतली दगडांची आणि झाडांची मांडणी जाताना वीस मिनिटं बघा आणि परतल्यावर पुन्हा पाच मिनिटं बघा. दुसऱ्या खेपेला ती वेगळीच वाचता येते. वाटांना रंगांच्या खुणा आहेत. गाईडला ‘हाथी नहर’ वरून न्यायला सांगा. पावसाचं पाणी किल्ल्याच्या पायथ्याच्या राणीसर तलावाकडे वळवायला जुन्या काळी कातळ फोडून काढलेला हा पाट. आता तो कोरडा असतो, त्यातून चालता येतं, आणि दोन्ही बाजूंना तोच ऱ्हायोलाइट हाताच्या अंतरावर. ७५ कोटी वर्षांचा खडक माणसाने हाताने कापलाय, आणि तोही पाण्यासाठी. मला सगळ्या फेरीत हा भाग सर्वांत जास्त आवडला.

सासूसासऱ्यांचे गुडघे कसे आहेत, यावर पुढचं ठरवा. वाटा आखलेल्या असल्या तरी खालीवर आहेत आणि दगड सुटे असतात. चालवत नसेल तर त्यांनी केंद्र आणि जवळची देशी झाडांची रोपवाटिका बघून तिथेच सावलीत बसावं, तेवढ्यासाठीही येणं वाया जात नाही. गाईडला आधीच सांगा की मूल बरोबर आहे आणि घाई नाही. आमच्या गाईडने त्यानुसार वाट बदलली. सकाळी पार्क उघडताच पोचा. किल्ला नऊला उघडतो, त्यामुळे दोन-अडीच तास फिरून तुम्ही वर चढू शकता, आणि किल्ल्याच्या तटावरून खाली बघताना मगाशी चाललेली वाट ओळखू येते. पायात जाड तळाचे बूट हवेत. चपलेतून काटा आरपार जातो, हे अनुभवाने सांगते. पाणी माणशी लिटरभर तरी घ्या.

आणि पुढे कधी ऑगस्टमध्ये जोधपूरला जाणं झालं तर पुन्हा जा. फेब्रुवारीत तुम्हाला जो कातळ उघडा दिसेल, त्यावर तेव्हा गवत उभं असतं, आणि थोराला पानं आलेली असतात.