तुमचे प्रश्न : कोठ्यातला फ्युजर

प्रश्न : सर, मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, गाव दारव्हा तालुक्यात. आमच्या रिकाम्या कोठ्यात मी फ्युजर बांधला आहे, म्हणजे हाय व्होल्टेजने हलके अणुगाभे एकमेकांवर आदळून जुळवणारं छोटं यंत्र. स्टीलचं गोल भांडं, आत टंगस्टनच्या तारेची जाळी, १५ सेंमीची काच, एसीवाले वापरतात तो व्हॅक्यूम पंप आणि निऑन बोर्डाचा जुना ट्रान्सफॉर्मर. आत उरलेल्या विरळ हवेत जांभळा गोळा मस्त पेटतो. आता नागपूरच्या भंगारातून एक्स-रे मशीनचा ट्रान्सफॉर्मर आणला आहे. त्याला पाव मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावून ३० हजार व्होल्टपर्यंत जायचा आणि ड्युटेरियम (जड हायड्रोजन वायू) सोडायचा विचार आहे. सुरक्षिततेसाठी आणखी काय बसवू? गावातले विचारतात, यावर विहिरीवरची मोटर चालेल का? (फोटो जोडले आहेत.)

उत्तर : फोटो पाहिले. जाळी इतकी नेटकी वळली आहेस की मी तो फोटो मोठा करून पुन्हा पाहिला. पण नजर अडकली खालच्या हिरव्या वायरवर. भांड्याच्या बोल्टपासून निघून ती गुरं बांधायच्या लोखंडी खुंट्याला गुंडाळली आहे. तीच तुझी अर्थिंग. नवा ट्रान्सफॉर्मर जोडायच्या आधी हे दुरुस्त कर.

फ्युजरमध्ये जाळीवर उणे व्होल्टेज असतं आणि भांडं अर्थला. तुझा हात सारखा लागतो तो भांड्यालाच. आपली काळी माती पावसाळ्यात चांगली अर्थ देते, पण एप्रिल-मेमध्ये तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, माती लोखंडाला सोडते आणि खुंटा नुसता नावाला उभा राहतो. दर उन्हाळ्यात आपल्याकडे कूलरचा शॉक लागून माणसं जातात, त्यात अर्थिंग नसणं हे कारण कितीदा तरी असतं. वेगळा खड्डा घे, त्यात पाइप, कोळसा, मीठ टाक आणि उन्हाळाभर पाणी घालत जा. मग वायरमनला बोलावून अर्थ टेस्टरने मोजून घे.

आता कपॅसिटर. निऑनचा ट्रान्सफॉर्मर स्वतःच करंट आवरून धरतो. एक्स-रेचा आवरत नाही, चूक झाली तर तो माणूस सोडत नाही. त्यात तू पाव मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावणार म्हणतोस. ३० हजार व्होल्टला त्यात ११२ जूल ऊर्जा साठते. दवाखान्यात हृदयाला शॉक देणारं यंत्र १५० ते २०० जूल देतं, यावरून अंदाज घे.

मी आयटीआयमध्ये शिकवत असताना एकदा असाच कपॅसिटर शॉर्ट करून टेबलावर ठेवला आणि चहाला गेलो. परत येऊन उचलला आणि भिंतीवर जाऊन आदळलो. डाव्या हाताची दोन बोटं तीन महिने बधिर होती. कपॅसिटर एकदा रिकामा केला तरी आतल्या इन्सुलेशनमध्ये मुरलेला चार्ज हळूहळू परत वर येतो, हे मी मुलांना फळ्यावर शिकवत होतो आणि तरी विसरलो. म्हणून लांब दांड्याचा डिस्चार्ज रॉड कर, लाइनमन वापरतात तसा. त्याची वायर आधी अर्थला बांधायची, मग टोक कपॅसिटरला लावायचं आणि काम संपेपर्यंत तिथेच ठेवायचं. लावून लगेच काढायचं नाही.

विहिरीच्या मोटरला आपले लोक 'ऑटो' बसवतात, लाइट आली की ती आपोआप सुरू व्हावी म्हणून. तुझ्या यंत्राला उलटं हवं. लाइट गेली की हाय व्होल्टेज बंद पडलं पाहिजे आणि लाइट आल्यावर बटण दाबल्याशिवाय सुरू होता कामा नये. मोटरच्या स्टार्टरमध्ये नो-व्होल्ट कॉइल याच कामाला असते. लाइट गेली की पंपाचं तेलही भांड्यात ओढलं जातं, तेव्हा मधे आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह टाक.

काचेसमोर तोंड नेऊन बघणं आजपासून बंद. १५ सेंमीच्या काचेवर हवेचा दाब जवळपास १८० किलोचा असतो, ती फुटली तर तुकडे आधी आत खेचले जातात आणि मग बाहेर उडतात. दुसरं, हवेतच चालव की ड्युटेरियमवर, व्होल्टेज वाढलं की एक्स-रे निघणारच. १०-१२ हजारांपर्यंत ते बहुतेक स्टीलमध्ये आणि जाड काचेत मुरतात. ३० हजारांवर काचेतून आणि जाळीची वायर आत जाते त्या इन्सुलेटरमधून बाहेर येतात, आणि कळत काहीच नाही, ना चटका, ना वास. काचेसमोर मोबाइल लाव आणि पडद्यावर बघ. खिडकी आणि इन्सुलेटरभोवती १ मिमी शिशाचा पत्रा ३० हजारांना भरपूर होतो. साध्या गायगर काउंटरवर भिस्त ठेवू नकोस. धातूच्या नळीत हे कमी ताकदीचे किरण शिरत नाहीत, आणि स्पार्क झाला की तो उगीच टिकटिक करतो.

मोटरचं विचारणाऱ्यांना खरं ते सांग. चांगला घरगुती फ्युजर ड्युटेरियमवर सेकंदाला दहा लाख न्यूट्रॉन देतो. ती सगळी ऊर्जा मिळून वॅटच्या दहा लाखाव्या भागाएवढी, आणि यंत्र खातं शेकडो वॅट. १९६० च्या दशकात फार्न्सवर्थ आणि हर्श या अमेरिकन संशोधकांनी हे यंत्र पुढे नेलं, पण घातली त्याहून जास्त वीज कुठल्याच फ्युजरने दिलेली नाही.

ड्युटेरियमचं मात्र घरी नको. दोन ड्युटेरियम जुळले की साधारण निम्म्या वेळा २.४५ एमईव्ही ऊर्जेचा न्यूट्रॉन सुटतो. त्याला शिसं अडवत नाही, पाणी किंवा मेण लागतं. न्यूट्रॉन देणारं यंत्र चालवायला अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते. मंडळाचं कार्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला आहे. कॉलेजच्या भौतिकशास्त्र विभागाला सोबत घे आणि त्यांच्या नावाने विचारणा कर. तोवर निऑनच्याच ट्रान्सफॉर्मरवर हवेतला गोळा अभ्यास. दाब आणि व्होल्टेज बदलून रंग आणि आकार कसा फिरतो ते वहीत उतरवायला तुला वर्ष पुरणार नाही.

पुढच्या पत्रात जाळीचा फोटो नको. अर्थिंगच्या खड्ड्याचा आणि डिस्चार्ज रॉडचा पाठव.