आकडेमोड बरोबर, निष्कर्ष चूक: माझंही दीड वर्ष हेच चाललं होतं

तुमची पोस्ट वाचली आणि खरं सांगते, क्षणभर वाटलं माझीच जुनी वही कोणीतरी उघडलीये. तुम्ही लिहिलंय की टक्केवारी, सरासरी, गुणोत्तर सगळं जमतं, उतारा वाचला की कळतो, पण 'खालीलपैकी कोणता निष्कर्ष काढता येईल' आलं की दहातले सहा चुकतात आणि 'सांगता येत नाही' हा पर्याय तर कधीच बरोबर पडत नाही. उदाहरण दिलंय ते पण अगदी नमुनेदार आहे. एका गटाचा एकूणातला हिस्सा 30 टक्क्यांवरून 24 टक्क्यांवर आला, विधान होतं 'त्या गटातल्या लोकांची संख्या कमी झाली', तुम्ही 'बरोबर' म्हणालात, पेपरसोबतची उत्तरसूची, म्हणजे 'की', म्हणते 'सांगता येत नाही'.

इथे ती 'की' बरोबर आहे हो. एकूण आकडा टेबलात दिलेलाच नाही ना. समजा एकूण 1000 चे 1500 झाले, तर 300 चे 360 झाले. हिस्सा घटला, माणसं वाढली. तुमचं गणित कच्चं नाहीये, तुम्ही टेबलात नसलेली एक गोष्ट (एकूण तेवढंच राहिलं) मनातून भरली आणि भरली हे तुम्हाला कळलंही नाही. माझा आजार हाच होता.

आधीच सांगते, मी शिक्षक वगैरे नाही, दोनदा आपटून तिसऱ्यांदा पास झालेली बाई आहे, त्यामुळे हे सगळं माझ्यापुरतं खरं धरा. टक्केवारी कशी काढायची, स्तंभालेख कसा वाचायचा हे सांगत बसत नाही, ते तुम्हाला येतंच.

मला सगळ्यात महाग पडला तो एक 'शॉर्टकट'. मी ज्या क्लासला जात होते तिथे (नाव घेत नाही, उगाच वाद नको) पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं की उतारा अख्खा वाचायचाच नाही, आधी प्रश्न बघा, प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधा, आजूबाजूच्या दोन ओळी वाचा, टिक करा, पुढे चला. टेबलालाही तेच, कॉलम शोधा, आकडा उचला. आणि गंमत अशी की सराव परीक्षेत हे चालायचं, कारण त्यांचे सराव पेपर काढणारेही तसेच प्रश्न काढायचे. मार्क छान यायचे, घरी सगळे खूश, मी पण.

मग खऱ्या पेपरात एक टेबल आलं. चार वर्षं, एका वस्तूचं उत्पादन, समोर आकडे 12, 9, 5 असे उतरते, पहिल्या वर्षासमोर नुसती रेघ. मी 'उत्पादन' शब्द शोधला, आकडे उतरताना दिसले, झालं, 'उत्पादन सतत घटत गेले' याला डोळे झाकून 'बरोबर'. टेबलाचं शीर्षक मी वाचलंच नव्हतं. शीर्षकात होतं 'मागील वर्षाच्या तुलनेत वाढीचा दर, टक्के'. म्हणजे पहिल्या वर्षी 100 धरले तर पुढे 112, मग 122 च्या आसपास, मग 128. उत्पादन वाढतच होतं, फक्त वाढायचा वेग कमी होत होता! आणि ती रेघ पण फुकट नव्हती, पहिल्या वर्षाला तुलना करायला मागचं वर्षच दिलेलं नाही म्हणून रेघ, ती बघून तरी शंका यायला हवी होती. त्या एका टेबलावर पाच प्रश्न होते, पाचही गेले, आणि मी राहिले दोन मार्कांनी. दोन. अजून लिहिताना पोटात कालवतं.

क्लासच्या ऑफिसात पेपर घेऊन गेले तर उत्तर काय मिळालं, तुमचा स्पीड कमी पडतोय, अजून पन्नास सेट सोडवा. अहो स्पीड जास्त होता म्हणूनच तर शीर्षक सुटलं! एवढं सांगूनही समोरच्याने सेटची यादी पुढे सरकवली. त्यांच्याच एका सेटची की चुकीची आहे हे दाखवायला नंतर परत गेले होते, तेव्हा 'की वरून आलीये' एवढंच ऐकायला मिळालं, वर म्हणजे कुठे ते आजपर्यंत कळलेलं नाही. असो.

त्यानंतर सेट सोडवणं सरळ बंद केलं. रोज एकच टेबल किंवा एकच उतारा, घड्याळ न लावता. प्रश्न आणि पर्याय कागदाने झाकून ठेवायचे. आधी शीर्षक, मग एकक (हजारात आहे का लाखात, टक्के असतील तर कशाचे टक्के), मग तळटीप, आणि शेवटी आकडे. नंतर स्वतःच्या शब्दांत चार वाक्यं लिहायची, 'यातून मला काय कळलं', आणि प्रत्येक वाक्यापुढे ते कुठल्या ओळीतून किंवा कुठल्या खान्यातून आलं ते लिहायचं. जिथे बोट ठेवता येत नाही ते वाक्य खोडायचं. पहिल्या दिवशी माझी चारातली तीन खोडली गेली, लाज वाटली होती.

मग त्याच टेबलावर स्वतः तीन विधानं तयार करायची, एक नक्की बरोबर, एक नक्की चूक, एक 'सांगता येत नाही'. तिसरं बनवायला जीव जातो, पण खरी शिकवणी तीच. उदाहरणार्थ उताऱ्यात वाक्य आहे, 'ज्या शाळांत वाचनाचा तास सुरू झाला त्यांपैकी बहुतेक शाळांत मुलांचे वाचनाचे गुण वाढले'. आता 'तास सुरू केल्यामुळे गुण वाढले' हे सांगता येत नाही, आगेमागे आणखी काही बदललं असेल. 'जिथे तास नाही तिथे गुण वाढले नाहीत' हेही नाही, त्या शाळांबद्दल उतारा गप्प आहे. दोन्ही वाक्यं ऐकायला इतकी पटतात की हात आपोआप 'बरोबर' कडे जातो. 'बहुतेक' मध्ये 'सर्व' बसतं का यावर मात्र लोक हमरीतुमरीवर येतात, माझं मत, त्या परीक्षेच्या सूचना आणि जुने पेपर बघा आणि त्यांचं चालवून घ्या, तत्त्वासाठी मार्क घालवू नका.

एक खरं टेबल देते, हे करून बघाच. मूतखड्यावरच्या उपचारांचा 1986 मध्ये छापलेला ब्रिटिश अभ्यास आहे, दोन पद्धती, प्रत्येकी 350 रुग्ण. अ म्हणजे उघडी शस्त्रक्रिया, 273 जणांत यश, 78 टक्के. ब म्हणजे छोट्या छिद्रातून खडा काढणं, 289 जणांत यश, 83 टक्के. निष्कर्ष काय? मी लगेच म्हणाले ब चांगली. आता फोड बघा. लहान खडे: अ 87 पैकी 81 (93 टक्के), ब 270 पैकी 234 (87 टक्के). मोठे खडे: अ 263 पैकी 192 (73 टक्के), ब 80 पैकी 55 (69 टक्के). म्हणजे लहानातही अ पुढे, मोठ्यातही अ पुढे, आणि एकत्र केलं की ब पुढे! बेरीज करून बघा, चूक कुठेच नाही. अवघड, मोठे खडे जास्त करून अ च्या वाट्याला आले होते म्हणून त्याची सरासरी खाली आली. याला सिम्प्सनचा विरोधाभास म्हणतात, नाव नाही लक्षात राहिलं तरी चालेल. पण 'एकूण रुग्णांत ब चा यशाचा दर जास्त होता' आणि 'ब पद्धत जास्त चांगली आहे' या दोन वाक्यांतलं अंतर मला या टेबलाने शिकवलं, पहिलं त्या एकूण आकड्यांतून निघतं, दुसरं निघत नाही.

चुकांची वही ठेवत असाल तर तीत बरोबर उत्तर लिहू नका, चुकीचं कारण लिहा, एकाच शब्दात. माझे शब्द होते: एकक, शीर्षक, टीप, पाया (म्हणजे टक्के कशाचे), बाहेरचं. 'बाहेरचं' म्हणजे मला आधीपासून माहीत असलेलं जे मी उताऱ्यात घुसवलं. तीन आठवड्यांनी मोजलं तर निम्म्याच्या वर 'बाहेरचं' निघालं, आणि विषय जितका ओळखीचा तितकं जास्त. त्यामुळे आवडीच्या विषयावरचा उतारा आला तर उलट जपून. घड्याळ मी दोन महिन्यांनी लावलं, तुम्हाला लवकर लावावंसं वाटेल, परीक्षा जवळ असेल तर लावाही, तुमचं तुम्हाला माहीत.

बारीकसं, स्क्रीनवर लांब टेबल वाचताना माझी ओळ कायम सरकायची, पट्टी किंवा कागदाची कड धरा, हसू नका, दोन चुका तिथेच वाचतात.

आणि तुमचा दुसरा प्रश्न, 'प्रमाण 40 टक्क्यांवरून 50 टक्के झाले, म्हणजे 10 टक्क्यांनी वाढले', यात की 'बरोबर' म्हणतेय. बोलताना सगळे तसंच म्हणतात, पण मोजून बघितलं तर वाढ 10 पर्सेंटेज पॉइंटची (म्हणजे दोन टक्केवारींतली सरळ वजाबाकी) आहे, 40 च्या मानाने ती 25 टक्के होते. इथे मला तुमची की चुकलेली वाटते, तुम्ही नाही. ज्यांचा सेट आहे त्यांना लेखी कळवून बघा, 'वरून आलीये' सोडून दुसरं काही उत्तर आलं तर इथे नक्की टाका, मला फार उत्सुकता आहे.